सेल्फ टिकटिक करतोय आणि फ्यूजही उडतोय? हार्नेस बदलण्याआधी एवढं मोजून घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी म्हणजे २०१६ ची ११० सीसी स्कूटर, कार्ब्युरेटरवाली, पुण्यात रोज धायरी ते स्वारगेट जाणं-येणं आणि रात्रभर सोसायटीत उघड्यावर उभी. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी सेल्फ मारला की नुसतं टिकटिक, कधी लागतो कधी नाही, पण किक मारली की लगेच चालू. त्यात दोन वेळा फ्यूज उडाला. मेकॅनिकने नवी बॅटरी टाकली, चार दिवस बरं वाटलं, परत पहिले पाढे पंचावन्न. आता तो म्हणतोय पूर्ण वायरिंग म्हणजे हार्नेस बदला आणि आरआर युनिटही (बॅटरीचं चार्जिंग आवाक्यात ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) टाका, आणि तुम्ही विचारताय बदलू का.

माझं उत्तर, इतक्यात नको. तुमचा मेकॅनिक फसवतोय असं मी म्हणत नाही, पावसाळ्यात गॅरेजवर गर्दी असते आणि एकेक वायर मोजत बसायला कोणाकडेच वेळ नसतो, त्यामुळे पार्ट बदलून बघायची सवय लागते. पण मी आयुष्यभर टू-व्हीलरच्या वायरिंगचंच काम करतोय आणि माझा अनुभव असा आहे की अशा तक्रारीत पार्ट क्वचित मेलेला असतो, दोन पार्टांच्या मधला जोड मेलेला असतो. आणि जोड नुसता बघून कळत नाही, मोजावा लागतो.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ. तुमच्या गाडीत बहुतेक दोन वेगवेगळे फॉल्ट आहेत आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी प्लसची वायर बॉडीला टेकतेय आणि नको तितका करंट वाहतोय. सेल्फ टिकटिक करतो म्हणजे हवा तितका करंट मोटरपर्यंत पोचतच नाहीये. पाण्याच्या लाईनचं उदाहरण घेतलं तर एका ठिकाणी पाइप फुटलाय आणि दुसऱ्या ठिकाणी तुंबलाय. दोन्ही एकाच पावसात सुरू झालं म्हणून एकच कारण आहे असं वाटतं, आणि मग सगळंच बदलून टाका असा सल्ला येतो. दोन्ही वेगवेगळे शोधायचे.

काही गोष्टी गाडीवर अवलंबून आहेत तेही सांगतो. कंपनी तुम्ही लिहिली नाही, त्यामुळे वायरचे रंग नक्की सांगता येत नाहीत. होंडाच्या गाड्यांत हिरवी वायर म्हणजे अर्थ (बॉडीला जोडलेली मायनसची वायर), यामाहात काळी, सुझुकीत काळ्यावर पांढरी रेघ. हे महत्त्वाचं अशासाठी की घरातल्या वायरिंगच्या किंवा कारच्या सवयीने काळी म्हणजे मायनस असं धरून बरेच लोक हात घालतात आणि होंडात साधी काळी वायर ही चावी ऑन केल्यावर येणारी प्लस असते, ती बॉडीला लावली की फ्यूज गेलाच. दुसरं म्हणजे गाडीवर बाहेरून काय काय बसवलंय, यूएसबी चार्जर, रिमोट लॉक, जादा एलईडी, मोठा हॉर्न, यातलं काही असेल तर पहिलं काम म्हणजे ते सगळं सोडवून ठेवा. वायर कापून नाही, जोड उघडून. बॅटरीवरून थेट घेतलेली चार्जरची वायर फ्यूजच्या आधी जोडलेली असेल तर ती जास्त धोक्याची, कारण ती शॉर्ट झाली तर मध्ये थांबवणारं काहीच नसतं.

आता सेल्फ. तुम्ही टिकटिक लिहिलंत त्यातच अर्धी माहिती आहे. तो आवाज स्टार्टर रिलेचा, म्हणजे बटण दाबलं की बॅटरीचा करंट सेल्फ मोटरला जोडणाऱ्या स्विचचा. रिले वाजतोय म्हणजे चावीपर्यंत करंट येतोय, ब्रेक लिव्हरचा स्विच चालतोय, सेल्फचं बटण चालतंय आणि रिलेची कॉइलही चांगली आहे, कारण ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही आणि तो सगळा मार्ग पार करूनच रिले वाजतो. म्हणजे हँडलवरचं अर्धं वायरिंग तुम्ही काहीही न उघडता निर्दोष ठरवलंत. ज्यांच्या गाडीत काहीच आवाज येत नाही त्यांनी ब्रेक दाबल्यावर मागचा ब्रेक लाइट लागतो का ते बघावं, नसेल लागत तर बहुतेक लिव्हरखालचा तो छोटा स्विचच गेलेला असतो.

आवाजातही फरक आहे. भराभर टिक-टिक-टिक आला तर रिले ओढला जातोय, मोटरने करंट मागितला की व्होल्टेज कोसळतंय, रिले सुटतोय, परत ओढला जातोय. एकदाच जाड टक् आला आणि पुढे शांत, तर रिले नीट लागतोय पण आतले कॉन्टॅक्ट जळलेत किंवा मोटरचे कार्बन (आत घासणारे ब्रश) संपलेत अशी शंका घ्यायची. तुमचं भराभरवालं आहे, म्हणजे बॅटरी कमजोर किंवा जोड खराब.

बॅटरी तर नवी आहे असं तुम्ही म्हणाल. पण नवी बॅटरी टाकल्यावर चार दिवस बरं वाटलं याचा अर्थ जुनी गेली होती असा होत नाही. नवीत दम जास्त असतो, खराब जोडातूनही ती ढकलून मोटर फिरवते, आणि जरा चार्ज उतरला किंवा जोड ओला झाला की परत तेच. शिवाय दुकानात बरेच दिवस पडून असलेली बॅटरी पूर्ण चार्ज न करताच बसवली जाते, तेही बघा.

हॉर्न तर चांगला वाजतो मग जोड खराब कसा, हा प्रश्न मला जवळजवळ रोज कोणीतरी विचारतं, म्हणून हिशोब करून दाखवतो. समजा मायनसच्या जोडात फक्त ०.१ ओहमचा अडथळा आलाय. हॉर्नला साधारण २ अँपिअर लागतात, म्हणजे त्या जोडात ०.२ व्होल्ट खाल्ले जातील, कोणाच्या लक्षातही येणार नाही. सेल्फला ४० अँपिअर लागले तर त्याच जोडात ४ व्होल्ट जातात. बाराचे आठ उरले, मोटर फिरणार कशी? म्हणून लाइट, हॉर्न, इंडिकेटर सगळं ठीक आणि सेल्फच रुसतो.

आणि याच कारणासाठी मीटरच्या बीपवर विश्वास ठेवू नका. बरेच जण मीटर कंटिन्यूटीवर लावतात, बीप वाजला की वायर ओके म्हणून पुढे जातात. मीटर त्या वायरमधून नावापुरता करंट सोडतं, वायरच्या सगळ्या तारा तुटून एक शिल्लक राहिली असेल तरी बीप वाजेल. त्या एका तारेवर सेल्फ चालणार नाही. म्हणून मोजायचं ते लोड चालू असताना, म्हणजे सेल्फ दाबलेला असताना.

मल्टीमीटर साधा चालतो, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत काही शे रुपयांत मिळतो, फार भारी घ्यायची गरज नाही. डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक मोकळं, ब्रेक दाबलेला, आणि एकट्याने करू नका, एकाने सेल्फ दाबायचा आणि दुसऱ्याने मीटर बघायचा. सेल्फ एका वेळी दोन-तीन सेकंदच, मग थोडं थांबायचं.

पहिलं माप सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर. १२.६ च्या आसपास असेल तर चार्ज पूर्ण, १२.२ म्हणजे अर्धीमुर्धी, ११.८ च्या खाली म्हणजे आधी चार्जरवर लावा, पुढची मापं घेण्यात अर्थ नाही. संध्याकाळी घरी आल्या आल्या मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो, म्हणून सकाळीच.

दुसरं माप तिथेच, पण सेल्फ दाबून. १० च्या वर राहिलं तर बॅटरी चांगली आहे. ७-८ वर कोसळलं तर बॅटरीच नाही म्हणतेय, किंवा मोटर आतून जाम आहे.

तिसरं माप हे खरं माप. मीटरची लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, एखाद्या स्वच्छ बोल्टच्या डोक्यावर दाबून धरा, काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, आणि तीही थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, बॅटरीच्या स्वतःच्या टर्मिनलवर, म्हणजे तो जोडही मापात येतो. आता सेल्फ दाबा. आदर्श आकडा शून्य, ०.२-०.३ पर्यंत चालेल. एक व्होल्टच्या वर गेला तर अर्थ खराब, आणखी काही शोधायची गरज नाही. चौथं माप प्लसच्या बाजूचं, बॅटरीच्या प्लसपासून सेल्फ मोटरच्या टर्मिनलपर्यंत, सेल्फ दाबलेला असतानाच बघायचं, तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर जात असेल तर मधला रिले किंवा त्याचे नट बघा.

गेल्या पावसाळ्यात कोथरूडहून एक गाडी आली होती, अगदी तुमच्यासारखीच तक्रार, बॅटरी बदललेली, रिलेही बदललेला. सेल्फ दाबून बॅटरीवर ११.४, म्हणजे बॅटरी झकास. इंजिन ते मायनस माप घेतलं तर ३.८. मालक शेजारीच उभा होता, त्याला आकडा दाखवला आणि मग इंजिनवरचा अर्थचा बोल्ट खोलला. थिंबलच्या खाली हिरवट-पांढरी भुकटी, आणि त्याच्याही खाली इंजिनच्या रंगाचा थर तसाच, म्हणजे मागे कधीतरी इंजिनचं काम झाल्यावर रंगावरच बोल्ट आवळला होता. पॉलिश पेपरने थिंबल पितळी दिसेपर्यंत घासली, बोल्टखालची जागा पांढरी चमकेपर्यंत घासली, दातेरी वॉशर टाकून आवळला, वरून पेट्रोलियम जेली. परत मोजलं तर ०.१. सेल्फ पहिल्या बोटाला. एकही पार्ट विकत घ्यावा लागला नाही.

स्कूटरमध्ये ही जागा खास का खराब होते ते समजून घ्या म्हणजे तुमच्या गाडीत कुठे बघायचं ते कळेल. मोटरसायकलचं इंजिन चेसिसला पक्कं असतं. स्कूटरचं इंजिन मागच्या चाकासकट रबरी बुशवर लोंबकळतं, प्रत्येक खड्ड्याला वरखाली होतं, आणि सिंहगड रोडने रोज जाणाऱ्याला खड्डे वेगळे सांगायला नकोत. चेसिस आणि इंजिन यांच्यात रबर आलं म्हणजे करंटला रस्ता फक्त त्या एका वायरचा, आणि ती वायर प्रत्येक हेलकाव्याला वाकते. वर्षानुवर्षं वाकून ती प्लास्टिकच्या आतल्या आत तुटत जाते, बाहेरून अखंड दिसते. ओळखायची युक्ती अशी की वायर दोन्ही हातांनी धरून हलकेच ओढायची, जिथे आतलं तांबं तुटलंय तिथे प्लास्टिक रबरासारखं ताणतं आणि बारीक होतं. चांगली वायर ताणत नाही.

मीटर नसेल तरी एक खात्रीची परीक्षा आहे. जाड वायरचा किंवा जंपर केबलचा एक तुकडा घ्या, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारा. झटकन लागला तर निकाल लागला, अर्थच खराब. प्लसच्या टर्मिनलला मात्र त्या वायरचा स्पर्श होऊ देऊ नका.

आता फ्यूजकडे. तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहून गेलात की दोन्ही वेळा फ्यूज उडाला तो पार्किंगमध्ये गाडी वळवून लावताना. माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या प्रश्नातली ही सगळ्यात मोलाची ओळ आहे. रस्त्यावर हँडल जेमतेम वळतं, पार्किंगमध्ये आपण ते पूर्ण लॉक होईपर्यंत वळवतो, आणि तेव्हाच हँडलखालून जाणारा वायरचा जुडगा ताणला जातो किंवा चेसिसच्या कडेला घासतो. तिथलं प्लास्टिक घासून तांबं उघडं पडलंय असा माझा अंदाज आहे. कोरडं असताना निभावतं, ओलं झालं किंवा पूर्ण वळलं की टेकतं.

शोधायला फ्यूजवर फ्यूज जाळायची गरज नाही. २१ वॅटचा १२ व्होल्टचा ब्रेक लाइटचा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याच्या दोन वायरी फ्यूजच्या जागी लावा. आता शॉर्ट झाला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाणार नाही, वायर सुरक्षित. चावी बंद असताना बल्ब पेटला तर शॉर्ट फ्यूज आणि चावीच्या मधे आहे. चावी ऑन केल्यावर मंद पेटेल, ते बरोबर आहे, बाकीचा लोड त्याच्यातून जातोय. मग हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ज्या जागी बल्ब एकदम भगभगून पेटेल ती तुमची जागा. हँडलवर काही झालं नाही तर तसाच बल्ब लावून ठेवून जुडगा हाताने दाबत-हलवत मागे या, सीटखालच्या डिकीच्या कडा, टेल लाइटची वायर, नंबर प्लेटजवळचा कोपरा. तरीही सापडलं नाही तर एकेक कपलर (वायरींचा प्लास्टिकचा प्लग-जोड) काढत जा, ज्या कपलरला बल्ब परत मंद होईल त्या फांदीत फॉल्ट. जुन्या वाड्यांच्या आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी खूप बघितल्यात, पुढचं पॅनल काढाल तेव्हा तेही बघा, कागदाचे कपटे किंवा लेंड्या दिसल्या तर आणखी शोधा.

आणि हात जोडून सांगतो, फ्यूज १० चा असेल तर १० चाच टाका. १५-२० चा टाकून किंवा तांब्याची तार गुंडाळून गाडी घरी नेणारे मी बघतो आणि भीती वाटते. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. तो वितळला नाही तर वायर तापते, तिच्या शेजारच्या दहा वायरी तापतात, आणि बहुतेक स्कूटरमध्ये पेट्रोलची टाकी तिथून हातभर अंतरावर असते.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर आधी सकाळचं बॅटरीचं माप, मग सेल्फ दाबून इंजिन ते मायनस, मग फ्यूजच्या जागी बल्ब लावून हँडल फिरवणं. एवढ्याला एक निवांत रविवार सकाळ पुरते.

आरआर युनिटचं काय, तर तेही मोजून ठरवा. गाडी चालू करा, मीटर बॅटरीवर, रेस थोडी वाढवा. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आलं तर आरआर युनिट चांगलं काम करतंय, बदलायचा प्रश्नच नाही. १५ च्या वर जात असेल तर मात्र खराब, बल्ब सारखे जातील आणि नवी बॅटरीही उकळून जाईल. रेस वाढवूनही १२.५ च्या पुढे हलत नसेल तर आधी आरआर युनिटचं कपलर काढून पिना बघा, तपकिरी जळकट पिन आणि वितळलेलं प्लास्टिक दिसलं तर दोष कपलरचा, तो नीट केल्याशिवाय नवं युनिट टाकलं तर तेही जाईल. कपलर चांगलं असेल तर मग मॅग्नेट कॉइल (इंजिनवर वीज तयार करणारी कॉइल) तपासायची. हे करताना चालू गाडीत बॅटरी काढून बघायची जुनी पद्धत वापरू नका, बॅटरी नसली की व्होल्टेज उसळी मारतं आणि चांगले पार्ट जातात.

एक शंका तुम्हाला येईल म्हणून सांगतो, रेस कमी केल्यावर हेडलाइट मंद होतो हा तुमच्या वर्षाच्या गाडीत फॉल्ट असेलच असं नाही. त्या काळातल्या बऱ्याच स्कूटरचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट कॉइलच्या एसीवर चालायचा. १ एप्रिल २०१७ पासून हेडलाइट कायम चालू ठेवण्याचा नियम आला आणि पुढे एलईडी आले तसं ते बदलत गेलं.

जोड सापडल्यावर दुरुस्ती पक्की करा. दोन वायरी पिळून त्यावर टेप, हे पुण्याच्या एका उन्हाळ्यात चिकट होऊन सुटतं. चांगली क्रिंप केलेली (पक्कडीने दाबून बसवलेली) स्लीव्ह आणि वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), जिथे वायर सारखी हलते तिथे तरी सोल्डरपेक्षा क्रिंप बरं, कारण सोल्डर संपतो तिथे वायर कडक होते आणि तिथूनच तुटते. घासलेल्या जागी नुसती टेप न लावता जुडगा दोन बोटं बाजूला सरकवून बांधा, म्हणजे परत घासणार नाही, बांधल्यावर हँडल पूर्ण फिरवून बघा. कपलरच्या पिनांवर हिरवं दिसलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून सुकवा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा की प्रेशरचा पाइप हँडलच्या स्विचवर आणि सीटखाली मारायचा नाही, पावसापेक्षा जास्त पाणी तिथून आत जातं.

हार्नेस बदलणं कधी बरोबर, तेही सांगायला हवं, कारण कधी कधी मेकॅनिकचं खरं असतं. वायर सोलली आणि तांबं काळं दिसलं, आणखी वीतभर सोललं तरी काळंच, म्हणजे पाणी आतून चढलंय, ती वायर वाचत नाही. जुडगा मधे वितळून एकमेकांना चिकटला असेल, किंवा आधीच्या लोकांनी जागोजागी कापून जोड दिले असतील, तर बदललेलं परवडतं. पण मग कंपनीचाच घ्या. नाना पेठेत लोकलही मिळतात आणि स्वस्त असतात, पण कित्येकांत तांबं बारीक आणि कपलर ढिले असतात, म्हणजे ज्या रोगासाठी बदललं तोच रोग नवा घेऊन आलात. आणि नवा हार्नेस टाकला तरी इंजिनवरचा तो अर्थचा बोल्ट घासायला सांगा, नाहीतर नव्या वायरिंगमध्येही टिकटिक तशीच राहील.

हे वाचणाऱ्या कोणाकडे १ एप्रिल २०२० नंतरची बीएस ६ इंजेक्शनवाली गाडी असेल तर अर्थ आणि बॅटरीची मापं तुम्हालाही लागू आहेत, पण ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींना टेस्ट लॅम्प, म्हणजे वरच्यासारखा बल्ब, लावू नका, पिन टोचून वायर सोलू नका आणि चालू कारवरून जंप देऊ नका. आणि इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोठ्या बॅटरीला तर हातच लावायचा नाही, ते काम वेगळं.

तुम्ही असं करा, चार आकडे घेऊन लिहा: सकाळचं बॅटरीचं माप, सेल्फ दाबून बॅटरीचं, सेल्फ दाबून इंजिन ते मायनस, आणि गाडी चालू असताना रेस वाढवून बॅटरीचं. सोबत गाडीची कंपनी आणि हँडल कुठल्या बाजूला वळवल्यावर बल्ब भगभगला तेही. त्यावरून पुढे काय खोलायचं ते सांगतो, तोपर्यंत मेकॅनिकला हार्नेसची ऑर्डर देऊ नका.